दारूचा पैसा, शाळेचा खर्च आणि अण्णासाहेब लठ्ठे

मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी लागू झाली. त्या दिवसाचे श्रेय, आणि ज्यांना ती बंदी रुचली नाही त्यांच्या दृष्टीने अपश्रेय, गांधीजींच्या शिकवणुकीकडे, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे आणि अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर यांच्याकडे गेले. बंद झालेल्या दुकानांतून सरकारी तिजोरीत येणारा पैसा आता कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे उत्तर ज्या गृहस्थांना शोधावे लागले त्यांचे नाव त्या आठवणीत फारसे निघत नाही. ते नाव अण्णासाहेब लठ्ठे यांचे. कोल्हापूरकर त्यांना ओळखतात ते शाहू छत्रपतींचे चरित्रकार म्हणून, फार तर संस्थानचे एकेकाळचे दिवाण म्हणून. एका इलाख्याचा जमाखर्च सांभाळणारे लोकप्रतिनिधी ही त्यांची ओळख कोल्हापुरातही मागे पडली आहे. त्यांच्या आयुष्याचा धागा मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : गरिबाच्या मुलाला शिकवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म ९ डिसेंबर १८७८ रोजी कुरुंदवाड येथे जैन कुटुंबात झाला. कुरुंदवाड त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. कृष्णा-पंचगंगेच्या त्या सुपीक टापूत जैन म्हणजे केवळ पेढीवरचा व्यापारी नव्हे. तेथील बहुसंख्य जैन नांगर धरणारे शेतकरी होते, आणि अक्षरओळखीच्या बाबतीत त्यांची अवस्था शेजारच्या मराठा कुणब्याहून फार निराळी नव्हती. अण्णासाहेबांनी या समाजातून वर येऊन एम. ए. आणि एल्एल्. बी. या पदव्या मिळवल्या. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तिच्या उभारणीत ज्या तरुणांचा पुढाकार होता त्यांत अण्णासाहेब होते. सभेने हाती घेतलेले मुख्य काम शिक्षणाचे होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिवार वसतिगृहांना जागा व मदत देण्यास आरंभ केला, आणि जैन बोर्डिंग हे त्या मालिकेतील पहिल्या वसतिगृहांपैकी एक. खेड्यातला मुलगा शहरात येऊन शिकावयाचा तर त्याला वर्गाआधी भाकरी आणि अंथरूण लागते, हे महाराजांनी ओळखले होते. अण्णासाहेबांचे सार्वजनिक जीवन या बोर्डिंगाच्या परिसरात घडले.

१९०५ मध्ये त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ते राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि नंतर संस्थानच्या शिक्षणखात्यात अधिकारी म्हणून काम पाहू लागले. वेदोक्त प्रकरणाचा धुरळा तोवर पुरता बसला नव्हता. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या होत्या. या जागांवर बसण्याजोगी शिकलेली माणसे तयार करणे हे काम शिक्षणखात्याचे. आणि त्या खात्यात लठ्ठे यांच्यासारखा ब्राह्मणेतर पदवीधर असणे ही महाराजांच्या धोरणाचीच परिणती होती.

असा माणूस महाराजांच्या मर्जीतून उतरावा, हा संस्थानी कारभाराचा नेहमीचा न्याय. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजपुतळ्याला कोणी डांबर फासले. संस्थानिकाच्या राजधानीत सार्वभौम सत्तेचा असा अपमान व्हावा ही गोष्ट साधी नव्हती. रेसिडेन्सीला जबाब द्यावा लागणार होता. तपासाची संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळली, किंबहुना वळवण्यात आली. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी एका तरुणाला पकडण्यात आले. जैन बोर्डिंगातून पूर्वी काढून टाकलेला हा विद्यार्थी आपला जुना राग साक्षीतून काढील, असा हिशेब तपास करणाऱ्यांनी केला असावा. तो तरुण म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील. त्यांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. कोठडी आणि मारहाण सोसली, छळ असह्य होऊन जीव देण्यापर्यंत मजल गेली, पण लठ्ठे यांच्याविरुद्ध एक अक्षर त्यांनी लिहून दिले नाही. अखेर त्यांची सुटका झाली. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे.

या प्रकरणाच्या आगेमागे अण्णासाहेबांचा कोल्हापुरातील मुक्काम हलला. ते बेळगावला गेले आणि वकिली करू लागले. पस्तिशी ओलांडलेल्या, संस्थानी नोकरीची वाट संपलेल्या माणसाने नव्या गावी बिऱ्हाड थाटले, आणि दरबाराविरुद्ध वर्तमानपत्री मोहीम उघडण्याची सोय हाताशी असूनही तो मार्ग धरला नाही. त्या काळी इंग्रजी मुलखात राहून संस्थानिकांवर कोरडे ओढणाऱ्यांची उणीव नव्हती, आणि पुण्याच्या पत्रांनी अशा लेखणीचे स्वागतच केले असते. लठ्ठे यांनी उलट दिशा धरली. ब्राह्मणेतर वर्गांच्या राजकीय मागण्या मांडण्यासाठी जी चळवळ उभी राहिली तीत ते वालचंद कोठारी यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर सामील झाले. ‘डेक्कन रयत’ हे इंग्रजी साप्ताहिक त्या चळवळीचे मुखपत्र, आणि अण्णासाहेबांच्या लेखणीचा त्याला आधार होता. या चळवळीचे सर्वांत मोठे पाठीराखे शाहू महाराजच होते. ज्या दरबाराच्या तपासयंत्रणेने लठ्ठे यांना आरोपी ठरवण्याचा घाट घातला, त्याच दरबाराच्या धन्याबरोबर चार-पाच वर्षांच्या आत ते एका कार्यात उभे होते.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार निवडणुका झाल्या तेव्हा काँग्रेसने बहिष्कार घातला होता. लठ्ठे मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून मध्यवर्ती कायदेमंडळावर गेले आणि १९२१ ते १९२३ या काळात दिल्लीच्या त्या पहिल्या सभागृहात बसले. बहिष्काराच्या काळात सभागृहात गेलेल्या लोकांवर सरकारधार्जिणेपणाचा शिक्का सहज बसे. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर तो दुहेरी बसे. त्या शिक्क्यात काही तथ्य होते हे नाकारता येणार नाही. पण त्याच बाकांवर या मंडळींनी अर्थसंकल्प वाचावयाचा कसा, प्रश्न विचारावयाचा कसा आणि कलमाला दुरुस्ती सुचवावयाची कशी हे शिकून घेतले. सोळा वर्षांनंतर लठ्ठे यांना ही उमेदवारी उपयोगी पडली.

महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. १९२४ मध्ये लठ्ठे यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले; १९२५ मध्ये मराठी चरित्रही आले. संस्थानातून ज्यांना पाय काढावा लागला त्यांनीच त्या संस्थानच्या राजाची चरित्रगाथा लिहावी, आणि ती दप्तरातील कागदांच्या व पत्रव्यवहाराच्या आधारे लिहावी, याला मराठी चरित्रवाङ्मयात फारशी जोड सापडत नाही. धनंजय कीर यांच्यासह पुढच्या काळात ज्यांनी ज्यांनी शाहूचरित्राला हात घातला त्यांना प्रथम लठ्ठे यांचे खंड उघडावे लागले. त्या ग्रंथात भक्ती अधिक आणि चिकित्सा कमी आहे, असे आजच्या वाचकाला वाटेल, आणि ते अगदीच चूक नाही. तरीही महाराजांच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांच्या आत, माणसे व कागद दोन्ही शाबूत असताना हे काम झाले नसते, तर आज कोल्हापूरच्या इतिहासातील किती पाने कोरी राहिली असती याचा अंदाज करणे कठीण नाही.

या चरित्रात ज्या कार्याला मोठे स्थान आहे ते १९१७ चे सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कौन्सिलात आणलेले सक्तीच्या शिक्षणाचे बिल पुढच्या वर्षी नामंजूर झाले होते. त्याच्या विरोधकांच्या हातातील मोठे हत्यार खर्चाचे होते. कोल्हापूरसारख्या लहान संस्थानाने मात्र आदेश काढला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला आणि खर्चाची तजवीज करून दाखवली. पैसा नाही म्हणून शाळा नाही, हे उत्तर लठ्ठे यांना पुढील आयुष्यात कधी पटले नाही, त्याचे मूळ बहुधा येथे आहे.

१९२६ च्या सुमारास राजाराम महाराजांनी त्यांना कोल्हापूरचे दिवाण केले आणि पुढची चार-पाच वर्षे ते त्या पदावर होते. १९३० मध्ये दिवाणबहादूर हा किताब मिळाला. त्याच वर्षी हिंदी संस्थानांच्या प्रश्नांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या शहरातून संशयित म्हणून निघाले त्याच शहरात ते कारभारी म्हणून परतले, ही गोष्ट कथेत शोभण्याजोगी आहे. पण दिवाणगिरीच्या त्या काळात जुने हिशेब चुकते केल्याची कथा कोणी सांगत नाही, आणि संस्थानी राजवाड्यांच्या इतिहासात हे काही थोडके नव्हे.

१९३० नंतर ब्राह्मणेतर पक्षाची घडी विसकटली. केशवराव जेधे यांच्या पाठोपाठ अनेकजण काँग्रेसकडे वळले. खेड्यातील बहुजनसमाज सत्याग्रहात उतरू लागल्यावर त्याच्या पुढाऱ्यांना सरकारदरबारी बसून राहणे शक्य नव्हते. दिवाणबहादूर लठ्ठे यांनीही खादी पत्करली. १९३७ च्या निवडणुकीत ते बेळगाव जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. काँग्रेसने प्रथम अधिकारग्रहण नाकारल्यामुळे साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे मंत्रिमंडळ तीन-साडेतीन महिने टिकले. (हे कूपर म्हणजे ज्यांच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याशी भाऊराव पाटील यांचा एकेकाळी संबंध होता तेच. त्या पिढीतील माणसांच्या वाटा एकमेकींना अशा वारंवार छेदतात.) जुलै १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मोरारजी देसाई महसूलमंत्री, कन्हय्यालाल मुनशी गृहमंत्री, आणि अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. मंत्र्यांचे वेतन पाचशे रुपये ठरले.

आता त्या काळच्या प्रांतिक तिजोरीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. प्रांताला मिळणाऱ्या उत्पन्नाच्या ठळक बाबी म्हणजे जमीनमहसूल, अबकारी, स्टँप आणि जंगल. जमीनमहसूल वाढवावा तर शेतकरी मरतो, आणि मंदीने तो आधीच मेलेला; त्यालाच सवलती देण्याचे वचन देऊन काँग्रेस निवडून आलेली. स्टँप म्हणजे कोर्टकचेऱ्यांचा पैसा. उरली अबकारी, म्हणजे ताडी, देशी दारू व परवाने यांवरील उत्पन्न. १९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली तेव्हा शिक्षण व अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या वाट्याला आली होती. यातून एक विलक्षण गाठ बसली. लोकांनी अधिक दारू प्यावी तर शाळांना अधिक पैसा. दारू सुटावी तर शाळा अडाव्यात. कोल्हापूरच्याच सेवेत घडलेले भास्करराव जाधव १९२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, त्यांच्याही काळात ही गाठ सुटली नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये झाला होता, परंतु तो बहुतांशी कागदावर राहिला, कारण पैसा नव्हता. खेड्यातील शिक्षकाचा पगार आणि त्याच्याच विद्यार्थ्याच्या बापाची बाटली यांचा जमाखर्च एका वहीत मांडला जात होता. गांधीजींनी १९३७ मध्ये हीच गोष्ट देशापुढे बोचेल अशा रीतीने मांडली, आणि स्वावलंबी शिक्षणाच्या त्यांच्या योजनेमागेही हे शल्य होते.

ही गाठ सोडवण्याचे काम अर्थमंत्र्याकडे आले. १९३८ मध्ये अहमदाबादेत दारूबंदी झाली, आणि मग मुंबईचा निर्णय झाला. मुंबई शहर म्हणजे अबकारी उत्पन्नाची मोठी खाण. ती एका तारखेला बंद करावयाची तर दुसरी उघडणे भाग होते. लठ्ठे यांनी नजर शहरांतील इमारतींकडे वळवली. मुंबई आणि अहमदाबाद येथील घरे व इमारती यांच्या वार्षिक भाडेमूल्यावर सर्वसाधारणपणे दहा टक्के कर बसवण्यात आला. शहर वाढले, गिरण्या व रेल्वे आल्या, गोदी झाली, आणि त्याबरोबर जमिनीच्या व चाळींच्या किमती मालकाने बोट न हलवता चढत गेल्या. या चढलेल्या मोलातील वाटा सरकारने घ्यावा, हा त्यामागील युक्तिवाद. छोट्या भाडेकरूंच्या भाड्याला आळा घालणारा मुंबईचा कायदाही १९३९ चाच.

गिरगाव आणि फोर्टात जो गहजब उडाला तो अपेक्षितच होता. घरमालकांनी सभा घेतल्या. दारूच्या धंद्यात ज्यांची पिढीजात गुंतवणूक होती त्या पारशी समाजात नाराजी पसरली, डॉ. गिल्डर स्वतः पारशी, त्यांना आपल्याच ज्ञातिबांधवांचे बोल ऐकावे लागले. धर्मादाय मिळकतींवरील कराबद्दल मुसलमानांनी तक्रार केली. सुभाषचंद्र बोस यांनीही या योजनेवर जाहीर टीका केली. कराविरुद्ध दावा उच्च न्यायालयात गेला. हा खरे पाहता प्राप्तीवरील कर असून तो बसवण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा आहे, असा वादींचा मुद्दा होता. न्यायालयाने तो अमान्य करून कर वैध ठरवला.

सर्वांत विचारात घेण्याजोगा विरोध मात्र घरमालकांचा नव्हता. तो विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. या प्रांतापुढे दारू हाच पहिल्या क्रमांकाचा प्रश्न आहे काय, असा त्यांच्या १९३९ च्या अर्थसंकल्पावरील टीकेचा रोख होता. नवा कर बसवून पैसा उभा करता येतो तर तो आधी शाळांना, दवाखान्यांना, श्रमिकांच्या गरजांना का नको? बुडालेल्या अबकारीची खोक बुजवण्यात तो का घालवावा? या आक्षेपाचे वजन आजही कमी झालेले नाही. शाळेसाठी बोर्डिंगे उभारण्यात ज्यांचे तारुण्य गेले त्या लठ्ठे यांना तो इतरांपेक्षा अधिक बोचला असला पाहिजे. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येते की शिक्षणाचा खर्च पिणाऱ्या मजुराच्या खिशातून काढण्याची रीत एकदा कोणी तरी मोडावयास हवी होती, आणि तिचा बोजा भाडे खाणाऱ्यावर टाकण्याचे धैर्य त्यापूर्वीच्या कोणत्याही मुंबई सरकारने दाखवले नव्हते. दोन्ही बाजू ब्राह्मणेतर आणि दलित समाजाच्या शिक्षणासाठी झगडलेल्या माणसांच्या होत्या, आणि दोघांच्याही मागे कोल्हापूरच्या राजाचा हात होता, हे विसरता येत नाही.

महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईच्या दारूबंदीला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने बंदीची अधिसूचना कायद्याच्या मर्यादेबाहेरची ठरवली, आणि गव्हर्नरच्या राजवटीत बंदी ढिली पडली. घरांवरील कर मात्र सरकारने सोडला नाही. तो पुढे अनेक वर्षे वसूल होत राहिला. दारूची भरपाई म्हणून आलेला कर दारू परतल्यावरही राहावा, हा सरकारी तिजोरीचा स्वभावच म्हणावा लागेल.

दुसरे खेर मंत्रिमंडळ १९४६ मध्ये आले तेव्हा अर्थखाते वैकुंठलाल मेहता यांच्याकडे गेले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर लागू झाला, १९४९ मध्ये दारूबंदीचा नवा कायदा झाला आणि एप्रिल १९५० मध्ये बंदी पूर्ण झाली. या वेळी भरपाई चाळीच्या मालकाकडून नव्हे, तर दुकानात माल घेणाऱ्या प्रत्येकाकडून झाली. त्यात शिक्षक आला, कारकून आला, मजूरही आला. लठ्ठे यांनी शोधलेली वाट अवघड होती, म्हणून सरकारांनी सोपी धरली. त्यानंतर बंदीच सैल होत गेली, आणि आज महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात दारूवरील उत्पादन शुल्काची रक्कम पुन्हा हजारो कोटी रुपयांची आहे.

मंत्रिपद गेल्यावर अण्णासाहेबांचे घर बेळगावातच राहिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या संस्थानचे ते दिवाण होते ते, ज्या प्रांताचे ते अर्थमंत्री होते त्यात मिसळलेले त्यांनी पाहिले. १६ मे १९५० रोजी ते वारले. त्यानंतर सहा वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले; कोल्हापुरात वाढलेल्या आणि बेळगावात स्थिरावलेल्या या माणसाच्या दोन गावांमध्ये राज्याची सीमा आली. दसरा चौकात जैन बोर्डिंग आहे. त्याच्या आवारावरून रोज शेकडो विद्यार्थी जातात.